साक्ष खेळाडूची, निकाल कुणाचा?

'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याच्या तीनच दिवस आधी जगभरच्या समीक्षकांनी त्याला शंभरपैकी नव्वदीच्या घरातले गुण देऊन टाकले होते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या या गेमची चर्चा आठ वर्षं चालली होती, आणि ८० लाख लोकांनी तो हाती पडण्याआधीच पैसे भरून ठेवले होते. समीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांना कंपनीने कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती तेवढी दिली होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या घरोघरी असलेल्या जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो, हे पाहायची त्यांना सोयच नव्हती. समीक्षणासोबत स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायलाही मनाई होती. म्हणजे चाखायला दिलेलं ताट वेगळं आणि पंगतीत वाढलेलं वेगळं. विक्री सुरू झाली आणि काही तासांत खेळाडूंनी पुराव्यासकट दाखवायला सुरुवात केली: ऐन रंगात येऊन बंद पडणारा गेम, चेहऱ्यांच्या जागी मातकट गोळे, रस्त्यात अर्ध्या रुतलेल्या गाड्या. चौथ्या दिवशी कंपनीने माफी मागून पैसे परत देऊ केले. आठवडाभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून हा गेम काढून टाकला, आणि तो तिथे परत आला तो थेट २०२१च्या जूनमध्ये.

खेळाडूंच्या मताचं वजन किती, हे सांगायला एवढी एक घटना पुरेशी आहे. तरीही या मताकडे बघण्याच्या दोनच तऱ्हा आपल्याला ठाऊक आहेत. एका बाजूला 'ग्राहक राजा आहे' म्हणणारे. त्यांच्या लेखी हजारो लोकांनी नापसंत केलेला गेम वाईटच असतो. दुसऱ्या बाजूला खेळाडूंना झुंड मानणारे. रिकामटेकडी पोरं, त्यांना प्रत्येक गोष्टीवर बोंब मारायची असते, असा त्यांचा हिशेब. पहिल्या तऱ्हेत खेळाडूला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं जातं आणि दुसरीत थेट आरोपीच्या पिंजऱ्यात. माझ्या मते त्याची जागा या दोन्हींच्या मध्ये, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. साक्षीदाराला 'तू काय पाहिलंस' एवढंच विचारायचं असतं, आणि त्याने जे पाहिलं ते त्याच्याइतकं न्यायाधीशालाही ठाऊक नसतं. मात्र कलम कुठलं लावायचं आणि शिक्षा किती द्यायची, हे कोणी साक्षीदाराला विचारत नाही. खेळाडूंच्या मताविषयीचे बहुतेक घोटाळे या दोन कामांची सरमिसळ केल्याने झालेले आहेत.

सरमिसळ सुरू होते ती आकड्यापासून. कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं 'स्टीम'. २०१३च्या अखेरीपासून तिथे खेळाडूंना मत लिहिता येतं. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढेच दोन पर्याय. सोबत हवा तेवढा मजकूर. या अंगठ्यांची टक्केवारी काढून प्रत्येक गेमच्या माथ्यावर एक बिरूद लावलं जातं. गंमत अशी की ९५ टक्के हा आकडा वाचताना दहावीच्या गुणपत्रिकेची सवय झालेलं आपलं डोकं त्याचा अर्थ 'शंभरपैकी पंच्याण्णव गुण' असा लावून मोकळं होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी होकार दिला' एवढाच आहे. सगळ्यांना थोडाथोडा आवडलेला, कुणाच्याही अध्यातमध्यात नसलेला गेम इथे अव्वल येऊ शकतो. आणि ज्याने निम्म्या लोकांना रात्रभर जागवलं नि उरलेल्यांना वैताग आणला, तो बेतास बात ठरतो. शिवाय मत लिहिणारे हे विकत घेणाऱ्यांतले थोडे, आणि विकत घेणारे हे मुळात त्या प्रकारच्या गेमची आवड असलेले. निवडणुकीच्या आधीच्या चाचण्यांतला नमुना कसा निवडला यावर आपण वाद घालतो. इथे तर नमुना स्वतःच स्वतःला निवडतो.

आकड्याचा जाच समीक्षकांच्या बाबतीतही तेवढाच खरा आहे. २०१०च्या 'फॉलआऊट: न्यू व्हेगास'साठी ऑब्सिडियन या स्टुडिओला बोनस मिळायचा होता. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ व्हावी, अशी त्याला अट होती. सरासरी ८४ झाली. एका गुणाने बोनस हुकला. तो एक गुण कुणाचा, कशासाठी कमी झाला, याचा शोध घेण्यात काही अर्थ नाही, कारण सरासरीत कारण शिल्लक राहत नाही. ते फक्त वाक्यांत सापडतं.

म्हणून माझा भर वाक्यांवर आहे, आणि एका फारशा न वाखाणल्या गेलेल्या सोयीवर. स्टीमवर ज्याच्या खात्यात तो गेम आहे आणि ज्याने तो उघडला आहे, त्यालाच मत लिहिता येतं, आणि मत लिहिणाऱ्याने तो किती तास खेळला हे त्या मताशेजारीच छापलेलं असतं. सिनेमा अर्धा टाकून उठलेल्याने लिहिलेलं परीक्षण ओळखायला आपल्याकडे काही साधन नाही, आणि नाटकाच्या परीक्षणाखाली 'समीक्षक दुसऱ्या अंकानंतर निघून गेले' अशी तळटीप कधी छापून येत नाही. गेमच्या बाबतीत ती तळटीप आपोआप येते. चारशे तास खेळून 'घेऊ नका' म्हणणारा माणूस वरवर हास्यास्पद वाटतो, पण वाचायचं असेल तर त्याचंच मत आधी वाचावं. इतका वेळ काढलेल्या माणसाचं नक्की काय बिनसलं, हे तोच सांगू शकतो.

साक्षीची ताकद पुरती दिसली ती २०२४च्या मे महिन्यात. 'हेलडायव्हर्स २' हा चौघांनी मिळून खेळायचा गेम फेब्रुवारीत आला आणि तुफान चालला. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर खातं उघडलंच पाहिजे, ही अट सुरुवातीच्या सर्व्हरच्या गोंधळात बाजूला ठेवली गेली होती. मेच्या सुरुवातीला सोनीने ती पुन्हा लागू करायचं ठरवलं. अडचण अशी की फिलिपिन्स, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया अशा कितीतरी देशांत हे खातं अधिकृतपणे उघडताच येत नव्हतं, आणि गेम मात्र तिथे राजरोस विकला गेला होता. तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक मतं पडली. व्हॉल्व्हने पावणेदोनशेच्या आसपास देशांत विक्री थांबवली आणि सोनीने निर्णय मागे घेतला. भारतात हे खातं उघडता येतं, त्यामुळे इथल्या खेळाडूचं काही अडलं नव्हतं. यावर एक आक्षेप लगेच घेतला गेला: अट तर दुकानाच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती, मग तक्रार कसली? कागदावर सोनीची बाजू पक्की होती, यात वाद नाही. पण जी अट पाळणं ग्राहकाला शक्यच नाही, ती घालून माल विकायचा आणि तीन महिन्यांनी तिच्यावर बोट ठेवायचं, ही व्यवहारातली खोट आहे. ती वकिलांना दिसली नाही, त्या देशांतल्या खेळाडूंना दिसली, कारण खातं उघडायला गेल्यावर यादीत देशाचं नाव सापडलं नाही ते त्यांना.

आता यातली मेख पाहा. २०१९मध्ये व्हॉल्व्हने मतांच्या भडिमारावर उपाय म्हणून एक धोरण आणलं. ज्या मतांचा गेमशी संबंध नाही असं कंपनीला वाटेल, ती मतं टक्केवारीत धरायची नाहीत. हे रास्तच होतं. गेम बनवणाऱ्या कुणाचं राजकारण पटलं नाही म्हणून गेमवर राग काढणाऱ्यांना त्याने आळा बसला. पण त्याच धोरणात, कॉपी रोखण्याच्या तांत्रिक बंदोबस्ताबद्दलच्या आणि वापराच्या करारातल्या अटींबद्दलच्या तक्रारीही 'विषयबाह्य' धरल्या जातील, असं कंपनीने सांगितलं. सामान्य खेळाडूला त्यांच्याशी देणंघेणं नसतं, हे त्यामागचं कारण. मला हे सपशेल चुकीचं वाटतं. गेम चांगला आहे की नाही ही आवडीची बाब झाली. पण विकत घेतलेला गेम कुठल्या अटींवर चालू राहणार, ही सौद्याची बाब आहे आणि साक्षीदाराला बोलायचा सर्वांत भक्कम अधिकार नेमका तिथेच आहे. हेलडायव्हर्सची सगळी तक्रारच या खात्यातली होती.

पैशाच्या बाबतीतही खेळाडूंचं नाक तिखट असतं. २०१७च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट २' येऊ घातला होता. डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला चाळीसएक तास खेळावं लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. दुसरीकडे पैसे मोजून 'लूट बॉक्स' घेता येत होते. आत काय निघेल हे आधी कळत नाही अशी ही बंद पेटी, जत्रेतल्या सोडतीसारखी. पूर्ण किंमत मोजलेल्या गेममध्ये ही सोडत कशाला, हा प्रश्न होता. 'मेहनतीने मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून तसं ठेवलंय' अशा थाटाचं कंपनीचं उत्तर रेडिटवर आलं आणि त्याला सहा लाखांहून अधिक नापसंती मिळाल्या. पुढे गिनीज बुकात त्याची नोंद झाली. गेम बाजारात यायच्या आदल्या रात्री कंपनीने पैसे घेऊन होणारी सगळी खरेदी बंद केली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा पेट्यांची चौकशी केली आणि २०१८च्या एप्रिलमध्ये 'फिफा १८', 'ओव्हरवॉच' आणि 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मधल्या पेट्या हा बेकायदा जुगार ठरवला. ज्या बॅटलफ्रंटवरून गहजब झाला, त्याने विक्री आधीच बंद केलेली असल्याने तो सुटला. आरडाओरडा खेळाडूंनी केला, कायदा लावला तो आयोगाने, आणि लावताना कुणावर राग जास्त आहे हे पाहिलं नाही. कामाची वाटणी असावी तर अशी.

साक्षीदार निकाल द्यायला लागला की काय होतं, याची उदाहरणंही कमी नाहीत. बेल्जियमच्याच लॅरियन स्टुडिओचा 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३मध्ये पूर्ण झाला. त्याआधी जवळपास तीन वर्षं त्याचा पहिला भाग खेळाडूंच्या हाती दिलेला होता, तक्रारी ऐकण्यासाठीच. या गेममध्ये बरंचसं काही वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. खेळाडू सारखे म्हणत, फासा खोटा आहे, आमचे वार वारंवार हुकतात. निव्वळ दैवावर टाकलेल्या फाशात सलग वाईट दानं पडतातच, त्यात खोट काही नसते. सारीपाट खेळलेल्या कुणालाही हे ठाऊक असेल. म्हणजे खेळाडूंचं निदान चुकलेलं होतं. त्यांना होणारा वैताग मात्र खराखुरा होता. लॅरियनने मग वाईट दानांची लांबलचक माळ मध्येच तोडणारी एक सोय २०२१मध्ये दिली आणि ज्याला अस्सल फासा हवा त्याला ती बंद करायचीही मुभा ठेवली. पोट दुखतंय हे रोग्यालाच कळतं. औषधाचं नाव मात्र त्याने सांगायचं नसतं.

आपल्या अंगणातलं उदाहरण याहून कडू आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा २००३चा गाजलेला गेम नव्याने घडवायचं काम युबीसॉफ्ट कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं होतं. सप्टेंबर २०२०मध्ये त्याचा ट्रेलर आला आणि जगभरच्या खेळाडूंनी नाकं मुरडली. चेहरे मेणाचे वाटतात, चित्रं दहा वर्षं जुनी दिसतात, अशी तक्रार होती. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली आणि मे २०२२मध्ये काम मूळ गेम जिथे घडला त्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. त्यानंतरही तो बाजारात दिसला नाही. ट्रेलर डोळ्यांत भरणारा नव्हता, ही साक्ष मला मान्य आहे. आपल्या माणसांनी केलं म्हणून ते चांगलं म्हणायचं कारण नाही. पण तसं का झालं असावं, याचं उत्तर ट्रेलरमध्ये नसतं. पैसा किती दिला, वेळ किती दिला, जुन्या गेमचं किती जसंच्या तसं ठेवायला सांगितलं, वरून किती वेळा आराखडा बदलला, यातलं काहीही प्रेक्षकाला दिसत नाही. तिथून 'काम भारतात दिलं म्हणून असं झालं' या निष्कर्षावर कुणी उडी मारली, तर ती साक्ष उरत नाही. पाहिलेलं सांगणं संपलं आणि न पाहिलेलं ठोकून देणं सुरू झालं.

कथेच्या बाबतीत हा फरक सर्वांत नाजूक होतो. २०१२च्या मार्चमध्ये आलेल्या 'मास इफेक्ट ३'चा शेवट खेळाडूंना रुचला नाही. तीन गेम, शेकडो निर्णय, आणि शेवटी सगळ्या वाटा जवळपास एकाच ठिकाणी. त्यांनी मोहीम काढली आणि तिच्या निमित्ताने आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला ८० हजार डॉलरच्या वर देणगीही जमवून दिली. जूनमध्ये हा गेम बनवणाऱ्या बायोवेअरने शेवटाची वाढीव आवृत्ती फुकट दिली. ही तक्रार मी वाजवी मानतो. 'तुमच्या निर्णयांना अर्थ असेल' हे कंपनीने आधीच्या दोन गेममधून दिलेलं वचन होतं आणि वचन पाळलं गेलं की नाही हे सांगायचा अधिकार वचन घेणाऱ्याला असतो. २०२०च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चं मात्र तसं नव्हतं. समीक्षकांचे गुण नव्वदीच्या पुढे आणि मेटाक्रिटिकवर खेळाडूंचे गुण पहिल्या दिवसांत दहापैकी चारच्याही खाली. गेम पुरा करायला पंचवीसेक तास लागतात, आणि हजारो शून्यं पडली ती हे तास उलटायच्या आत. लाडक्या पात्राच्या वाट्याला काय येतं, हे आधीच फुटलं होतं आणि राग त्यावर होता. या प्रकारानंतर मेटाक्रिटिकने नव्या गेमवर खेळाडूंना ३६ तास मत देता येणार नाही असा नियम केला. 'एकच प्याला' पाहताना सिंधू वाचायला हवी असं प्रत्येक प्रेक्षकाला वाटतं. ते वाटणं हीच त्या नाटकाची कमाई आहे. गडकऱ्यांनी ते वाटणं म्हणजे सूचना समजून शेवट बदलला असता तर सिंधू वाचली असती आणि नाटक गेलं असतं. आपल्या संगीत नाटकांतले प्रेक्षक काही मुखदुर्बळ नव्हते. वन्स मोअर देऊन एकेक पद चार-चारदा गाऊन घेणारे होते. पण वन्स मोअर पदाला असायचा, कथानकाला नव्हे.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. हे सगळं साक्षी-निकालाचं तर्कशास्त्र कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्षात जमाव असल्या सीमा पाळत नाही. त्याच 'लास्ट ऑफ अस'मध्ये ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि तिने त्या जगासमोर ठेवल्या. पात्राने केलेल्या कृत्यासाठी नटीला धमकी! याचं समर्थन कुठल्याही तऱ्हेने होऊ शकत नाही, आणि 'खेळाडू फार भावुक असतात' अशी मलमपट्टीही करू नये. धमकी हा फौजदारी गुन्हा आहे आणि तो तसाच हाताळावा. पण साक्षीदारांतले काही गुंड निघाले म्हणून साक्ष घेणंच बंद करायचं, हा उपाय नव्हे. तसं केलं की फायदा कुणाचा होतो, हे सायबरपंकच्या वेळी दिसलंच. उलटतपासणी कडक करावी. मत देणाऱ्याने गेम घेतला आहे का, किती खेळला आहे, मत कधी दिलं, नंतर बदललं का, हे उघड दिसावं. भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये ऑनलाइन ग्राहकमतांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं, त्यात मत देणाऱ्याची पडताळणी आणि खोट्या मतांना आवर या गोष्टी आहेत. ते ऐच्छिक ठेवल्याने त्याची धार गेली, ही गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप असा, की पहिल्या आठवड्यातली साक्ष कायमची चिकटते आणि वर्षानुवर्षं राबून सुधारणा करणाऱ्याला न्याय मिळत नाही. इथे ब्रिटनच्या हेलो गेम्सचा 'नो मॅन्स स्काय' पाहावा. ऑगस्ट २०१६मध्ये आला तेव्हा जे बोललं गेलं होतं त्यातलं बरंच त्यात नव्हतं. खेळाडूंनी शिव्यांची लाखोली वाहिली, आणि काहींनी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे दाद मागितली: स्टीमच्या पानावरची चित्रं दिशाभूल करतात. नोव्हेंबरात नियामकाने निर्णय दिला तो कंपनीच्या बाजूने. खेळाडूंचा अनुभव खोटा नव्हता, पण त्या विशिष्ट पानावरची जाहिरात नियमांत बसते की नाही हा प्रश्न वेगळा होता, आणि तो सोडवायला वेगळा माणूस बसला होता हे उत्तम झालं. कंपनी त्यानंतर जवळपास गप्प बसून काम करत राहिली, वर्षामागून वर्षं फुकट सुधारणा देत राहिली. त्याच खेळाडूंनी मतं बदलली, नव्यांनी नवी लिहिली, आणि २०२४च्या नोव्हेंबरात या गेमची स्टीमवरची एकंदर नोंद 'अतिशय सकारात्मक' झाली. आठ वर्षं लागली, हे खरं. पण साक्ष फिरवायची मुभा असलेला आणि ती प्रामाणिकपणे फिरवणारा असा जमाव मला दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पटकन दिसत नाही.

मग या साक्षीचं पुढे करायचं काय? अंगठ्यांच्या टक्केवारीत तिची माती होऊ द्यायची नसेल तर तिला कायद्याच्या दारापर्यंत नेणारी वाट हवी. युरोपात ती पाडली जाते आहे. युबीसॉफ्टने 'द क्रू' हा २०१४चा मोटारशर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. तो सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही तो त्या दिवशी संपला. विकत घेतलेली तबकडी कपाटात राहिली ती शोभेची. पोलंडमध्ये राहणाऱ्या रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी मोजकी आहे: गेम कायम चालवत ठेवा असं नाही, पण सोडून देताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपीय संघाकडे केलेल्या नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि ब्रिटनच्या संसदेतही या मागणीवर चर्चा झाली. उद्योगाचं म्हणणं, यात खर्च आहे, सुरक्षेचे प्रश्न आहेत. असतीलही, ते नियम करणाऱ्यांनी तोलावेत. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये त्याहून साधा कायदा केला: ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवानाच असेल तर विकताना तसं स्पष्ट सांगा. त्यानंतर स्टीमवर पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. इतकी वर्षं 'विकत घ्या' म्हणत होते, आणि विकत काहीच दिलं जात नव्हतं.

आपल्याकडे हा विषय कुणाच्या गावीही नाही. 'गेमिंग' म्हटलं की आपल्या विधिमंडळापासून वाहिन्यांपर्यंत दोनच चित्रं उभी राहतात: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन जुगार आणि मोबाइलला चिकटलेलं पोर. पहिल्यासाठी २०२५मध्ये केंद्राने कायदाही केला, तो गरजेचा होता. पण चार-पाच हजार रुपये मोजून एक कन्सोल गेम घेणारा जो प्रौढ, कमावता ग्राहक आहे, त्याला काय मिळालं हे विचारणारं कोणी नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आहे, सेवेतली त्रुटी आहे, 'अन्यायकारक करार' ही संकल्पनाही आहे. हत्यारं तयार आहेत. ग्राहक पंचायतीची पन्नास वर्षांची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात त्यांचा गेमसाठी वापर व्हायला कुठली अडचण असावी? मला दिसते ती एकच: खेळाडूची तक्रार ही तक्रार वाटतच नाही, ती हट्ट वाटते. रेफ्रिजरेटर बंद पडला तर तो माणूस ग्राहक, आणि गेम बंद पडला तर तो पोरकट.

साक्ष कुणाची मोजली जाते, हा प्रश्न भाषेपाशी येऊन थांबतो. व्हॉल्व्हने २०२५च्या ऑगस्टपासून मोठ्या गेमच्या मतांची टक्केवारी भाषावार वेगळी दाखवायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात तिचा उपयोग कळला. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या छोट्या स्टुडिओचा 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबरला आला आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं, सोपी चिनी लिपी वापरणाऱ्या खेळाडूंची मतं मात्र उलट्या दिशेने गेली. गेम तोच, पण चिनी भाषांतर ओढूनताणून जुन्या वळणाचं केलेलं, वाचताना अडखळवणारं. सगळ्या जगाच्या सरासरीत ही तक्रार बुडून गेली असती. वेगळी मोजल्यामुळे ती दिसली, आणि भाषांतर सुधारण्याचं काम हाती घेत असल्याचं स्टुडिओकडून सांगण्यात आलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'मध्ये २०२० साली देवदेवता इंग्रजीतून बोलत होत्या; दोन वर्षांनी आलेल्या सुधारित आवृत्तीत त्या हिंदीतूनही बोलू लागल्या. पुण्यामुंबईतला, कोल्हापूर-नागपुरातला मराठी खेळाडू 'राजी'वर किंवा दुसऱ्या कुठल्याही गेमवर काय म्हणतो, हे मात्र त्या भाषावार हिशेबात शोधू नये. स्टीमवर मत नोंदवताना भाषा निवडावी लागते. त्या यादीत थाई आहे, व्हिएतनामी आहे, इंडोनेशियन आहे. मराठी नाही; हिंदीसुद्धा नाही.